जॅझ ड्युएटचं पुस्तक: कोकणातल्या बँडवाल्यांनी घ्यावं का?

घ्यावंच. रत्नागिरी-चिपळूणकडे गाणी कानावर बसवणारे वादक पुष्कळ. स्वरलिपीचा कागद समोर आला की अडतात. त्यांना ड्युएट, म्हणजे दोघांसाठी लिहिलेल्या धून, जोडीने वाचण्यासारखा दुसरा रियाज नाही. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट दोन्ही बी-फ्लॅटची (लिहिलेला सी वाजवला की बी-फ्लॅट ऐकू येतो अशी), म्हणून एकाच पानावरून वाजतं. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, त्याला वेगळी प्रत हवी.

खरी मेख स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची. कागदावर दोन क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) सारखे दिसतात. वाजवताना मात्रेचे ३ भाग धरून पहिल्याला साधारण २, दुसऱ्याला १. लय वाढली की हा फरक कमी होतो.

हमखास घसरतं ते चौथ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होऊन टायने (दोन स्वर जोडून एकच धरायला सांगणाऱ्या कमानीने) पुढच्या बारमध्ये (मात्रांच्या पुढच्या गटात) गेलेल्या स्वरावर. वाचणारा तो थेट पुढच्या समेवर घेतो आणि जोडीदारापेक्षा अर्धी मात्रा मागे पडतो. आधी टाय सोडून वाजवा, मग जोडा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून त्याचा ठोका २ आणि ४ या मात्रांवर धरा. चुकलात तरी थांबू नका, पुढचा बार पकडा. दुसऱ्या फेरीला भाग बदला.

तक्रार एकच, कागद पातळ आहे. पावसाळ्यात दमटपणाने मऊ पडून स्पायरलपाशी फाटतो. पानं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला.