वायफाय प्रिंटर: इंक टँक की लेझर?

घरात शाळकरी मुलं असतील, प्रोजेक्टला रंगीत चित्रं लागत असतील, तर सरळ इंक टँक घ्या. बाटलीतली शाई ओतली की हजारो पानं निघतात. पण वापर नसला की तो रुसतो: नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई वाळते, पानावर पांढरे पट्टे उमटतात आणि ती छिद्रं साफ करण्यात (हेड क्लीनिंग) शाई वाया जाते ती वेगळीच. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहा.

लेझरचा टोनर म्हणजे कोरडी पूड, वाळायचा प्रश्नच नाही. पावसात आधारची प्रत भिजली तरी अक्षरं पसरत नाहीत. वकील, सीए यांच्या ऑफिसला ब्लॅक अँड व्हाइट लेझरच बरा. फक्त फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना वीज भरपूर ओढतो. घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका.

वायफायची कटकट दोन्हीकडे सारखीच. स्वस्त मॉडेलं वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांपैकी (बँड) बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच पकडतात, राउटरवर तो बँड चालू ठेवा.