कर्नाळ्याची वाट, काठी हाती घेऊन

मांडीचे हाड मोडल्यामुळे पाच महिने दादरच्या चौथ्या मजल्यावरील खोलीत काढल्यानंतर, काठी घेऊन तासभर चालण्यास डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस मी पुतणीसोबत कर्नाळा पक्षी अभयारण्यात गेलो. दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाला ही जागा झेपेल का, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

कुर्ल्याहून हार्बरने पनवेल आणि तेथून पेणच्या दिशेने जाणारी एसटी, हा प्रवास सोपा आहे. एसटीची पायरी मात्र उंच असते. पाय दुखावलेल्यांनी पनवेलहून रिक्षा करावी.

हे अभयारण्य 1968 सालचे आहे. बहुतेक लोक कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याच्या ओढीने वर चढतात. माझ्यासारख्याने त्या चढाच्या वाटेला जाऊ नये, आणि पक्ष्यांसाठी तशी गरजही नाही. खालच्या झाडीत वाटेकडेच्या एका दगडावर मी दमून बसलो असता मिश्र थवा आपणहून माझ्यापाशी आला: बुलबुल, निखार, एक सुतारपक्षी आणि त्यांच्या मागोमाग भृंगराज. इतरांच्या हालचालीने उडणारे किडे हा वरच्यावर टिपतो. त्याच्या शेपटीच्या दोन लांब पिसांची टोके पसरट असल्यामुळे तो उडताना दोन भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत असेच वाटते. सुमारे दहा मिनिटे मी पापणी लववली नसेन.

त्याहून अधिक आनंद तांबट पक्ष्याने दिला. अंथरुणावरच्या अखेरच्या महिन्यात त्याचे ‘टुक्, टुक्’ मी दिवसभर ऐकत असे, आणि आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून येई म्हणून पिंपळावर दोन पक्षी असावेत अशी माझी समजूत होती. येथे तो निष्पर्ण फांदीच्या टोकावर उघडाच बसला होता. कपाळ लाल, गळा पिवळा, आणि साद घालताना मान या बाजूची त्या बाजूला वळवीत होता. आवाज जागा का बदलतो, ते तेव्हा डोळ्यांनी कळले. पुतणीने दुर्बीण माझ्याकडेच राहू दिली, कारण माझे डोळे भरून आले होते.

उणीव एकच, पण मोठी. राष्ट्रीय महामार्ग 66 अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे खालच्या भागात भोंगे सतत ऐकू येतात, आणि ऊन चढल्यावर मोबाइलवर गाणी लावून जाणारे गट आले की थवे पांगतात. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जावे, आणि दहापर्यंत परतावे. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी गातो. तो ऐकायला मी जुलैमध्ये पुन्हा जाणार आहे. दगड तेव्हा निसरडे असतील, त्यामुळे काठी सुटली असली तरी सोबत नेईन.