पहिलं लाकडी जहाज: किट आणावं की स्वतः कोरावं?

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बांधायची ओढ लागली की बहुतेकांची नजर आधी ‘एचएमएस व्हिक्टरी’वर जाते. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं आणि आजही पोर्टस्मथला जपून ठेवलेलं हे जहाज आहेच तसं. तरीही कळकळीने सांगते, पहिलं जहाज म्हणून ते घेऊ नका. १:७२ मापाला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं केलं तरी, ते मीटरभराहून लांब भरतं. तोफा एकामागून एक जोडत बसावं लागतं आणि दोरकामाला हात लागेपर्यंत वर्षं जातात. अर्धवट राहिलेली व्हिक्टरी मी दोन घरांच्या माळ्यावर पाहिली आहे. त्या दोघांचे हात चांगले होते, फक्त सुरुवातच फार मोठ्या जहाजापासून झाली होती.

म्हणजे पहिलं काम लहान हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरा निर्णय पुढचा आहे: तयार भागांचं किट आणायचं, की वखारीतून लाकूड आणून नकाशावरून स्वतः कोरायचं? मी दोन्ही केलं आहे. सोपं कुठलं, अवघड कुठलं, असा हा फरक नाही. दोन्हींतून शिकायला मिळतं ते वेगळं असतं.

किटच्या खोक्यात प्लायवुडचा उभा कणा आणि त्यात खाचांनी बसणाऱ्या आडव्या फासळ्या असतात. वर लावायच्या लाकडी पट्ट्या, पितळी सामान, दोरा आणि नकाशे हेही त्यातच येतं. बऱ्याच किटमध्ये पट्ट्यांचे दोन थर असतात. आतला लिंडनसारख्या मऊ लाकडाचा, दीड-दोन मिलिमीटर जाड. वरचा अक्रोडासारख्या देखण्या लाकडाचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नवशिक्यासाठी हे दोन थर फार मोलाचे आहेत, कारण पहिल्या थरातल्या चुका लांबी (पुट्टी) भरून, घासून दुसऱ्या थराखाली जातात.

किट म्हणजे नुसती जोडणी, असं मात्र समजू नका. पट्ट्या लावणं हे खरं सुतारकाम आहे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जहाज निमुळतं होत जातं, त्यामुळे तिथल्या फासळ्यांच्या कडा तिरक्या तासाव्या लागतात. एक पट्टी तीन-चार फासळ्यांवर आडवी धरून पाहायची. ती प्रत्येक फासळीला पूर्ण टेकली पाहिजे, मध्ये उजेड दिसता कामा नये. मग कागदाची चिंधी घेऊन मधल्या फासळीचा घेर मोजायचा. समजा तो ८० मिलिमीटर आला, तर ५ मिलिमीटरच्या १६ पट्ट्या बसतील. नाळेजवळच्या फासळीचा घेर ४८ मिलिमीटर असेल, तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरची झाली पाहिजे. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासायची, गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची, हळूहळू वाकवायची, चिमटे लावून वाळवायची आणि मगच चिकटवायची. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. एकाच बाजूच्या चार-पाच लावून टाकल्या, तर कणा त्या बाजूला पीळ घेतो आणि तो नंतर निघत नाही. हे सगळं जमायला लागतं तेव्हा दिवसभराचा शीण कुठे जातो कळत नाही, आणि या छंदातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

आता दुसरी वाट. जहाज कोरायचं तर पूर्ण कोरू नका, आधी अर्धं कोरा. जुन्या काळी युरोप-अमेरिकेतले जहाजबांधणीवाले उभ्या चिरलेल्या जहाजाची अर्धी प्रतिकृती कोरून आकार ठरवत आणि तिच्यावरून खऱ्या जहाजाची मापं काढत. आपल्याला ती फळीवर बसवून भिंतीवर लावता येते. डोलकाठ्या नाहीत, दोर नाहीत, फक्त जहाजाचा देह.

यासाठी नकाशा समजायला हवा. त्यात जहाज बाजूने, वरून आणि समोरून, असं तीन तऱ्हांनी काढलेलं असतं. वरून पाहिलेल्या चित्रातली प्रत्येक वक्ररेषा म्हणजे पाण्याच्या एका पातळीवरचा छेद. सेंटिमीटरभर जाडीच्या पाच-सहा फळ्या घ्यायच्या, एकेका रेषेप्रमाणे कापायच्या आणि एकावर एक चिकटवायच्या. समोर एक पायऱ्यापायऱ्यांचं ओबडधोबड जहाज उभं राहतं. आता पटाशी आणि कानशीने पायऱ्यांचे बाहेर आलेले कोपरे काढत जायचे. दोन थर जिथे मिळतात तो आतला कोपरा गाठला की थांबायचं. पुठ्ठ्याचे साचे नकाशावरून कापून त्यांच्या कडेला पेन्सिलीचं शिसं फासायचं आणि साचा लाकडावर हलकेच घासायचा. काळा डाग पडेल तिथे लाकूड अजून जास्त आहे. पहिल्यांदा सगळे साचे पुढपासून मागपर्यंत सारखे टेकले, तेव्हा जहाजाच्या पोटाचा आकार माझ्या बोटांना कळला. किटमध्ये तो आकार दुसऱ्या कुणी आधीच ठरवलेला असतो.

चुकीची किंमतही दोन्हीकडे वेगळी असते. किटमध्ये सुरुवातीची चूक लपून राहते आणि उशिरा वर येते. नीट न तासलेल्या फासळीवरचा उंचवटा दुसरा थर चढवून पॉलिश केल्यावर उजेडात दिसतो, आणि तोवर सगळं चिकटलेलं असतं. कोरताना चूक लगेच दिसते. काढलेलं लाकूड परत येत नाही हे खरं, पण अर्ध्या जहाजात वाया जातात त्या चार फळ्या आणि दोन रविवार. किट बिघडलं की मन मोडतं, आणि बाहेरून मागवलेलं सामान परत मिळवणं कठीण जातं.

पैशाचं थोडक्यात सांगते. छोट्या नावेचं परदेशी किट काही हजारांत येतं, त्यावर टपाल आणि सीमाशुल्क. व्हिक्टरीसारखं मोठं किट लाखाच्या घरात जातं. अर्ध्या जहाजाला लाकूड, फेविकॉल, दोन पटाश्या, कानस आणि पॉलिश पेपर एवढं पुरतं.

लाकडाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे प्रत्येक जण आधी साग सुचवतो. खऱ्या जहाजाला सागासारखं लाकूड नाही. वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याने मुंबईत सागाचं बांधलेलं ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. प्रतिकृतीत मात्र सागाची छिद्रं आड येतात. पाव मिलिमीटरचं छिद्र १:७२ मापाला खऱ्या जहाजावरच्या पावणेदोन सेंटिमीटरच्या भोकाएवढं दिसतं. कोरायला शिवणीचं लाकूड घ्या, बारीक कामाला हळदूचं. हळदूचा पिवळसर रंग आणि घट्ट, सारखा पोत लहान मापाला शोभतो.

विषय निवडण्याच्या बाबतीत किट मागे पडतं. किटमध्ये गाजलेली युरोपी-अमेरिकी जहाजंच जास्त. मला हवं होतं आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत, आणि त्याचं किट मला कुठल्याही दुकानात मिळालं नाही. १८व्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गलबत साधारण ७० टनांपर्यंतचं, दोन डोलकाठ्यांचं, मोठ्या डोलकाठीवर त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही, असं येतं. पण एवढ्यावर नकाशा होत नाही. बाकीचे निर्णय आपण घ्यायचे आणि ते का घेतले हे वहीत लिहून ठेवायचं. २०२५ साली नौदलात आलेली ‘आयएनएस कौंडिण्य’ ही फळ्या दोराने शिवून बांधलेली नौकाही अजिंठ्याच्या चित्रावरूनच उभी राहिली. तिथेही जुना नकाशा हाताशी नव्हता. ब्रिटिश युद्धनौका करायची असेल तर ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडून मूळ नकाशांच्या प्रती विकत घेता येतात. ट्रिंकोमालीच्या नकाशांची गोष्ट मला फार आवडते. मुंबईला निघालेला पहिला संच ‘एचएमएस जावा’ या ब्रिटिश युद्धनौकेवर होता. १८१२ साली ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत जावा गेली आणि नकाशेही गेले, म्हणून दुसरा संच पाठवावा लागला. तीच कॉन्स्टिट्यूशन आज किटच्या दुकानांत हमखास दिसते.

आता कुणी काय घ्यावं. फ्लॅटमध्ये राहता, रात्री जेवणानंतर तासभर मिळतो, भुसा उडवणं आणि ठोकाठोक शक्य नाही, तर किट घ्या. त्यातही डोरी घ्या. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड पकडायला जाणारी ही सपाट तळाची उघडी होडी. तिच्या फळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि संख्येने थोड्या. माझी डोरी दीड महिन्यात झाली. त्यानंतर एका डोलकाठीचं, दोन थरांचं लहान जहाज घ्या. अंगण किंवा पडवी आहे, पटाशी धरायची सवय आहे आणि मनात एखादं ठरावीक जहाज घर करून बसलंय, तर अर्ध्या जहाजापासून सुरुवात करा.

काम कधी काढायचं यालाही महत्त्व आहे. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसात पट्ट्या लावू नयेत. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं आणि थंडीत आकसतं. मी जुलैत पट्ट्या लावलेली एक नाव डिसेंबरात उघडली. सोळा पट्ट्यांमध्ये नखाची कड जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. आता पट्ट्यांचं काम मी दिवाळीनंतर काढते आणि पावसाळा मोजमापं, नकाशे नि दोरकामाला ठेवते. मापं घ्यायला पावसाळ्याच्या तोंडचा काळ चांगला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्याआधी किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून घेतात. त्या शाकारायच्या आत मालकाला विचारून टेप, वही आणि ओळंबा घेऊन जा. नाळेचा बाक, फासळ्यांमधलं अंतर, फळीची रुंदी, सगळं हाताने मोजता येतं. बहुतेक वेळा मालक स्वतः टेपचं दुसरं टोक धरतो आणि प्रत्येक भागाचं त्यांच्यातलं नाव सांगतो. तीही लिहून घ्या.