घोड्यांच्या फार्मवर नऊ-दहा महिने: पाटीवरचे कार्यक्रम आणि तबेल्यातली सकाळ

पोळ्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिथे पहिल्यांदा मुक्कामाला गेलो, आणि आता मृग लागलाय. मधल्या नऊ-दहा महिन्यांत चौदा मुक्काम झाले, बहुतेक शनिवार दुपार ते रविवार दुपार. काटोलच्या बाजूला, संत्र्याच्या बागांमध्ये, नागपुरातून तासा-सव्वा तासात पोचता येईल असा हा घोड्यांचा फार्म आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांशी घरोबा झालाय आणि पुढे तक्रारीही आहेत. जाणारे आम्ही चौघं: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि थंडीच्या दिवसांत सासूबाई.

फाटकातून आत शिरलं की पाहुण्यांसाठीच्या कार्यक्रमांची पाटी लागते. घोडेस्वारी, बैलगाडी, धनुष्यबाण, झिपलाइन, रेन डान्स, पोहण्याचं टाकं, मातीची भांडी, संत्रा तोडणी, हुरडा, शेकोटी आणि असंच बरंच. पहिल्या दोन मुक्कामांत आम्ही ती पाटी संपवायच्या मागे होतो. दर तासाला कोणीतरी शिट्टी वाजवायचं, की आम्ही एकीकडून उठून दुसरीकडे. रविवारी परतताना मुलगी म्हणाली, "आई, आपण घोड्याजवळ एकूण चाळीस मिनिटंच होतो." तिनं घड्याळ लावून मोजलं होतं. तिसऱ्या वेळेपासून आम्ही पाटीकडे बघणं सोडलं.

आधी स्वारीचं सांगते. एका मुक्कामात पाऊण तासाची एक फेरी धरलेली असते, जास्तीची हवी तर वेगळे पैसे. पावसाळ्यात बाहेरची रपेट मिळेल अशी आशा ठेवू नका. आपल्याकडची काळी माती भिजली की खुरांना गोळे चिकटतात, घोडा घसरतो, म्हणून सप्टेंबरभर सगळं वाळूच्या रिंगणातच चालतं. यावरून चिडलेले पाहुणे मी पाहिलेत. मला मात्र ते रिंगणाचे दिवस फार मोलाचे वाटतात, कारण आमची मांड तिथेच पक्की झाली. शिकवणारे भाऊ लांब दोरावर घोडा गोल फिरवतात, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढून घेतात, हात कमरेवर ठेवायला लावतात. साध्या चालीत खुरांचे चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये म्हणजे हलक्या दौडीत तीन. डोळे मिटून नुसते मोजत राहायचे. दुडकीत एका ठोक्याला उठायचं, एकाला बसायचं. मुलीला ते दुसऱ्याच दिवशी जमलं, मला पाचव्या मुक्कामाला. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी माझी पाठ दुखली नाही आणि घोडीनंही कान मागे टाकले नाहीत.

नोव्हेंबरात जमीन वाळली आणि बागेतली रपेट सुरू झाली. आंबिया बहाराची संत्री तेव्हा झाडावर रंग धरत असतात. दोन ओळींमध्ये वीसेक फूट जागा असते, त्यातून एकामागे एक पाच-सहा घोडे आरामात जातात. घोड्यावर बसलं की डोकं फांद्यांमध्ये येतं, आणि दव पडलेल्या पहाटे तो सालीचा वास... मी जन्मापासून नागपुरात आहे, संत्री पोत्यानं खाल्लीत, पण बाग अशी कधी पाहिली नव्हती. यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सकाळची फेरी मागून घ्या. संध्याकाळची बहुतेक गर्दीची असते. घोड्याला अगदी पाठीमागचं दिसत नाही, आणि गर्दीच्या फेरीत लोक पुढच्या घोड्याच्या शेपटीला आपला घोडा नेऊन भिडवतात. मध्ये एका घोड्याएवढं अंतर हवं, हे दर वेळी सांगावं लागतं.

फेब्रुवारीनंतर तीच काळी माती फाटायला लागते. एप्रिलमध्ये भेगा एवढ्या रुंद होतात की खूर आत जाऊन पाय मुरगळेल, म्हणून तेव्हा रपेट फक्त मुरमाच्या रस्त्यानं. मे महिन्यात पाहुण्यांची स्वारी पूर्ण बंद. पारा 45 च्या आसपास असताना घोड्याच्या पाठीवर माणूस ठेवायचा नाही हा त्यांचा निर्णय मला पूर्ण पटला. बुकिंग गेलं तरी ते त्यावर ठाम राहिले, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. आम्ही मेमध्येही एकदा गेलो. तबेल्यात वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लावलेले, सकाळी साडेपाचला घोड्यांच्या अंगावर पाणी सोडायचं, मग हौद भरायचे. उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी सहज पितो. बादल्या उचलल्याशिवाय तो आकडा कळत नाही.

जानेवारीत नवरा पडला. तुरीच्या शेतातून एक रोही (नीलगाय) अचानक समोर आला, घोडा एका उडीत बाजूला सरकला आणि हे डाव्या खांद्यावर. हाड मोडलं नाही, पण दोन महिने हात वर जात नव्हता. रोही कुठूनही येतो, त्यात फार्मचा दोष नाही. पण ह्यांच्या हेल्मेटचा पट्टा सैल होता, बक्कल धरत नव्हतं, आणि हे मी निघतानाच सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "काही होत नाही मॅडम, घोडा शांत आहे." घोडा शांतच होता. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी होती, बाकी डबे रिकामे. मी त्याच दिवशी सगळं लेखी दिलं. महिनाभरात नवी हेल्मेटं आली, तीन मापांची, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तरीही स्वतः तपासा: पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच घट्ट हवा, बूट टाचेचे हवेत म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. सही घ्यायला एक इंग्रजी कागद पुढे करतात. तो घाईत सही करण्यासारखा नाही, बसून वाचा.

वजनाचंही विचारा. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असावं, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे 400 किलोच्या घोडीवर 80 किलो, तेही खोगीर धरून. सुरुवातीला हे कोणी बघत नव्हतं. आता तबेल्याबाहेर काटा ठेवलाय, आणि आमच्या ह्यांना फक्त रेसमधून निवृत्त झालेला उंच घोडाच मिळतो.

पडण्याच्या आधी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक रात्र आली. त्या रात्रीनंतर या जागेकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

हुरड्याचे दिवस होते, फार्म भरलेला. पाटीवर तेव्हा "घोड्यांना खाऊ घाला" असाही एक कार्यक्रम होता, आणि त्याला काही धरबंध नव्हता. जेवण झाल्यावर मुलं पाव, पुऱ्या, संत्र्याच्या साली, हातात येईल ते कुंपणातून देत होती. मोठी माणसं फोटो काढत होती. रात्री नऊच्या सुमारास मुलगी धावत आली, "राणी सारखी पोटाकडे वळून बघतेय." राणी म्हणजे तिची तांबडी घोडी. आम्ही गेलो तर घोडी पुढच्या पायानं जमीन खरडत होती आणि घोड्यांची देखभाल करणारे सईसकाका आधीच दोर घेऊन उभे होते. घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. अडलं, गॅस धरला, तर तो पोटशूळ जिवावर बेततो. काकांनी मला घोडीच्या कुशीला कान लावायला सांगितलं. एरवी तिथे सतत गुरगुर ऐकू येते. तेव्हा काहीच नव्हतं.

"ताई, हिले बसू देऊ नका. बसली का लोळनं सुरू करते."

डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. ते निघाले होते, पण यायला दोन तास लागणार होते. मग काका, मी आणि मुलगी, आळीपाळीनं दोर धरून राणीला रिंगणात चालवत राहिलो. तिकडे शेकोटीजवळ स्पीकर चालूच. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला एरवी कायद्यानं मनाई आहे, तरी एका ग्रुपनं पैसे भरलेत म्हणून तो सुरूच राहिला. मी जाऊन दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा माझी मुलगी गेली आणि काय चाललंय ते तिनं त्या लोकांना सरळ सांगितलं. ग्रुपमधल्या एका काकूंनी स्वतः उठून स्पीकर बंद केला, आणि त्यांच्यातले चार-पाच जण शाल पांघरून रिंगणाच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. तिथेच संपलं आमचं भांडण. त्यांना तोवर घोडीचं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर साडेअकराला आले. नाकातून नळी पोटापर्यंत घातली, अडकलेला गॅस सोडला, तेल दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्यांचा संशय पाव-पुऱ्यांवरच होता. नंतर पुन्हा चालवणं. थंडी अशी की दोर धरलेले हात कळत नव्हते. पहाटे पाचच्या आधी राणीनं लीद टाकली. सईसकाकांनी बॅटरी मारून बघितलं आणि मटकन खालीच बसले. मुलीला रडू फुटलं.

"आता काऊन रडून राहिली व माय, वाचली ना ते."

त्या दिवसापासून तो खाऊचा कार्यक्रम पाटीवरून गेला. आता गाजराचे तुकडे काका स्वतः मोजून देतात, तळहात सपाट ठेवून भरवायला शिकवतात, आणि बाहेरचं काहीही चालत नाही.

आम्हालाही त्या दिवसानंतर तबेल्यातली सकाळ मिळाली. सहाला खरारा सुरू होतो: आधी गोल हालवत माती मोकळी करायची, मग ब्रशनं केसांच्या दिशेनं. चारही खूर उचलून आकड्यानं आतली माती आणि खडे काढायचे, मधल्या मऊ त्रिकोणी गादीला न टोचता. मग चंदी: भिजवलेले चणे, ओट, कोंडा, प्रत्येक घोड्याचं माप वेगळं, भिंतीवर खडूनं लिहिलेलं. चंदी खाल्ल्यावर निदान तासभर स्वारी नाही. मग खोगीर, आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदा बांधून पुन्हा दहा मिनिटांनी तपासायचा, कारण घोडा आधी पोट फुगवून धरतो. हे सगळं स्वतः करून जेव्हा मुलगी डाव्या बाजूनं वर चढते, तेव्हा राणी मान वळवून तिच्या बुटाचा वास घेते. दीड-दोन तास लागतात. मला विचाराल तर फार्मवरचा सगळ्यात चांगला कार्यक्रम हा आहे. मार्चपासून त्यांनी तो पाटीवर घेतलाय, माणशी 200 रुपये, एका वेळी चार जण. पैसे लावल्याचं आधी मला वाईट वाटलं. नंतर कळलं की त्यातले अर्धे सईसांना मिळतात, आणि माझी तक्रार संपली.

स्वारी न करणाऱ्यांसाठी काय आहे, हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं. सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात. बैलगाडीत चढायला पायरी नाही, खोल्यांपासून तबेल्यापर्यंतची वाट खडबडीत, आणि कमोड फक्त दोन खोल्यांत आहे. बुकिंग करतानाच सांगा. त्या तीनदा आल्या आणि तीनही वेळा तबेल्यासमोरच्या लिंबाच्या ओट्यावर बसून चण्यातले खडे वेचत राहिल्या. "माह्या बापाजोळ तट्टू होतं. बजाराले त्याच्यावरच जाय," हे आम्ही वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तट्टाचं नाव काय, रंग कोणता, नदीला पाणी असलं की तो कसा थांबायचा, सगळं निघालं. सईसकाका काम थांबवून ऐकत होते.

बाकी कार्यक्रम थोडक्यात. चुलीवरचं भरीत आणि सकाळचे तर्री पोहे उत्तम. संत्रा तोडणी हंगामात छान, इतर वेळी नुसतं चालणं. धनुष्यबाणाला शिकवणारा कोणी नाही. झिपलाइन रिंगणाच्या अगदी जवळून जाते आणि वरून किंचाळणारा माणूस गेला की नवे घोडे बिथरतात. ती तिथून हलवावी असं मी तीनदा सांगितलंय, अजून हललेली नाही. रेन डान्सचे स्पीकर शनिवारी रात्री अजूनही लागतात, मात्र आता दहाला बंद होतात. मोठा ग्रुप आहे का, हे फोन करून विचारा आणि असेल तर तो आठवडा सोडा. जमत असेल तर मधल्या वारी जा. आम्ही एकदा बुधवारी राहिलो, आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं, आणि रात्री जेवल्यानंतर घोडे उभ्या उभ्या डुलक्या घेताना दिसले.

माणशी 3,800 रुपये, दोन जेवणं, नाश्ता आणि एक फेरी धरून. चौघांना जास्त पडतात हे खरं. आम्ही दिवाळीनंतर बाकीची बाहेरची जेवणं, मॉल वगैरे कमी केलं आणि महिन्याला एक-दोन मुक्काम धरले.

येत्या रविवारी राणीचे नाल बदलायचे आहेत, सहा आठवडे झाले. नालबंद सकाळी सातला येतो आणि पाय धरायला मुलगी हवी आहे असा काकांचा निरोप आलाय, त्यामुळे शनिवारी दुपारी आम्ही निघतोय. पाऊस झाला तर रिंगण.