टेलिमानस की सिव्हिल?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की आमचे निवृत्त फौजी दादा खोलीचं दार लावून बसतात. वहिनींचा प्रश्न: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करू की सिव्हिल हॉस्पिटलला नेऊ?

टेलिमानसचा १४४१६ फुकट आणि रात्री दोनलाही लागतो. ओपीडीला सकाळीच रांग. दादा तयार नसले तरी वहिनी स्वतःसाठी बोलू शकतात, मला हेच मोठं वाटतं. पण निदान, गोळ्यांचा डोस, फौजेतल्या त्या आठवणींवर आठवडेच्या आठवडे चालणारी थेरपी हे समोर बसलेल्या तज्ज्ञाचंच काम. (‘दोन पेग’ हा तिसरा पर्याय नव्हे, झोप आणखी बिघडते.)

रात्रीची घालमेल, पहिलं पाऊल: फोन. महिन्याहून जास्त दचकणं, वाईट स्वप्नं: सिव्हिल. जीव द्यायची भाषा आली तर थेट अपघात विभाग.