बिलात नवा टायमिंग बेल्ट, इंजिनात जुनाच

आमच्या डस्टरचं टायमिंग बेल्टचं काम इंदूरमधल्या एका गॅरेजमध्ये करून घेतलं, तेव्हा बिलात तीन वस्तू लिहिल्या होत्या: बेल्ट, त्याला ताणून धरणारी पुली म्हणजे टेन्शनर, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप. मजुरी धरून सोळा हजारांच्या वर रक्कम गेली. या तिन्हींपैकी एकही वस्तू गाडीत बसवलेली नव्हती. ते कळलं बेल्ट तुटल्यावर, मानपूरच्या घाटात, आणि तोवर इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, कामातून गेलं होतं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही. पण फसवलं कसं ते मात्र सविस्तर सांगते, कारण हा प्रकार कोणत्याही शहरात, कोणाशीही होऊ शकतो.

आधी हे काम इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि हवा आत घेणारे, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि तोही अगदी ठरलेल्या क्षणी. कित्येक इंजिनांत हा ताळमेळ दातेरी रबरी बेल्ट सांभाळतो. रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. गाडी कमी चालली तरी वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल त्यावर बेल्ट बदलायचा. आमच्या १.५ लिटर डिझेलसारख्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले टॅपेट फुटतात, कधी कॅमशाफ्टचे तुकडे होतात. एका बेल्टच्या पैशात टळणारं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं.

गाडीला बरीच वर्षं झाली होती, म्हणून लांबच्या प्रवासाआधी आम्ही स्वतःहून हे काम सांगितलं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मेकॅनिकने काउंटरवर एक भेगाळलेला बेल्ट ठेवला आणि म्हणाला, "देखिये मॅडम, कितनी बुरी हालत थी. टाइम पे आ गए आप." मी त्या बेल्टचा फोटो काढला, बिल घेतलं, पैसे दिले. जुना पार्ट समोर आणि बिल हातात! आणखी काय मागायचं असतं? या लोकांना ते नेमकं ठाऊक असतं. असा एखादा फाटका बेल्ट काउंटरखाली कायम ठेवायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच दाखवायचा, एवढाच त्यांचा खर्च.

त्यानंतर आम्ही धुळ्याला मामांकडे निघालो. महू, मानपूर मागे पडलं आणि नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरणारा घाट लागला. उतारावर इंजिन अचानक बंद पडलं. मोठा आवाज नाही, धूर नाही, फक्त खटखट झाली आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागले. स्टिअरिंग जड झालं. ब्रेकचं तर फार कमी लोकांना माहीत असतं: डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप बहुधा इंजिनावरच चालतो, आमच्या इंजिनात तर कॅमशाफ्टवर. कॅम थांबला की पंपही थांबतो आणि साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच ब्रेक नीट लागतो. पुढे ट्रक, मागे ट्रक. यजमानांनी क्लच दाबून ब्रेक एकदाच, पण सलग दाबून धरला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. या घाटात ब्रेक फेल होऊन किती अपघात होतात हे माळव्यातल्या माणसाला सांगायला नको. मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी होती. माझा राग इंजिनाच्या खर्चाचा नाही, या गोष्टीचा आहे.

माझा आतेभाऊ पीथमपूरला वाहन कारखान्यात आहे. त्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "ताई, आता चावी फिरवू नका. कोणी धक्का मारतो म्हणाला तरी नको." एकदा चावी फिरवून झाली होती, स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भराभरा फिरल्यासारखा वाटला होता. आत दाब उरला नाही याची ती खूण, असं तो म्हणाला. त्यानंतरचा इंजिनाचा प्रत्येक फेरा म्हणजे पिस्टनचा आणखी एक घाव. गाडी गिअरमध्ये ठेवून ओढली तरी तेच होतं. म्हणून ती क्रेनवर चढवून परत आणली, पण त्या गॅरेजमध्ये नाही, आतेभावाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे. उघडण्यापासून सगळ्याचा व्हिडिओ घेतला, नंबर प्लेटपासून सुरुवात करून.

या इंजिनात बेल्ट बदलायचा तर उजवीकडचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाला गाडीत धरून ठेवणारा आधार, सोडावंच लागतं. त्या बोल्टांवर कारखान्यातली रंगाची रेघ अखंड होती आणि खाचांत वर्षांची माती घट्ट बसलेली होती. पाना लागलेलाच नव्हता. कव्हर काढलं तर आत बेल्ट तुटलेला, त्याचे दाते सोलून निघालेले, टेन्शनर मूळचा, वॉटर पंपाभोवती वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) जुना थर. मग आतेभावाने माझ्या मोबाईलमधला तो फोटो मोठा करून पाहिला. काउंटरवरच्या बेल्टवर छापलेली दात्यांची संख्या आमच्या इंजिनाच्या बेल्टशी जुळतच नव्हती. तो बेल्ट दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता.

गॅरेजवाल्याचं उत्तर आधीपासून तयार होतं. "बेल्ट तो नया डाला था, पार्ट ही खराब निकला होगा." बोल्टांचे फोटो पुढे केले तेव्हा आवाज चढला. विम्याचा मार्गही नव्हता. यांत्रिक बिघाड साध्या मोटार विम्यात येत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, लेखी नोटीस पाठवली आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जुने सुटे भाग, बिल, व्हिडिओ आणि दुसऱ्या मेकॅनिकचा सहीशिक्क्याचा लेखी अहवाल आमच्याकडे आहे. आमच्या वकिलांनी सगळ्यात जास्त किंमत त्या बोल्टांच्या फोटोंना दिली.

ही गोष्ट ओळखीच्यांत सांगितल्यावर उलट्या बाजूची एक फसवणूकही कानावर आली. सुदामानगरात राहणाऱ्या एका मावशींच्या वॅगन आरचं इंजिन के-सिरीजचं, म्हणजे टायमिंग चेनचं. त्यांच्याकडूनही टायमिंग बेल्टचे पैसे घेतले गेले. त्या इंजिनात तो बेल्टच नसतो! म्हणून आपल्या गाडीत चेन आहे की बेल्ट, हे मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. जुन्या २.५ डिझेल इनोव्हात बेल्टची वेळ भरली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, साधारण दीड लाख किलोमीटरला. पण तो दिवा बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. सेकंडहँड गाडी घेताना दिवा विझलेला आहे, एवढ्यावर भरोसा ठेवू नका.

आता आमच्या घरी कोणाचीही गाडी या कामाला जायची असली की मी आधी एक गोष्ट करते. माउंटिंगच्या बोल्टवरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढते. बोल्ट सुटला तर रेघ तुटणारच. नव्या बेल्ट-टेन्शनरच्या किटचे डबे आपल्यासमोर फोडायला सांगायचे, डब्यावरचा बॅच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. जुना बेल्ट दाखवला की त्यावरचा नंबर नव्याशी ताडून पाहायचा, मग तिथेच कात्रीने कापून घ्यायचा, म्हणजे तो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येणार नाही. टेन्शनर आणि पंपही पिशवीत घालून घरी आणायचे. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही; ज्याने आमचं हेड बांधलं त्याने तर कात्री स्वतःच पुढे केली.

गेल्या एक-दोन वर्षांत तुम्ही हे काम बाहेर करून घेतलं असेल आणि जुने भाग हातात मिळाले नसतील, तर एखाद्या वेगळ्या मेकॅनिककडून वरचं कव्हर काढून आणि माउंटिंगचे बोल्ट निरखून घ्या. पुष्कळ गाड्यांत वरचं कव्हर थोड्या वेळात निघतं. घाटाच्या रस्त्याने कुठे निघायचं असेल, तर त्याआधी घ्या.