असर्टजे: आठ महिने वापरल्यावर

बिलिंगचा जावा प्रोजेक्ट आहे आमचा, टेस्ट जेयुनिट 5 या टेस्ट फ्रेमवर्कवर, आणि गेले आठ महिने असर्शन्स, म्हणजे उत्तर बरोबर आलं का ते तपासणाऱ्या ओळी, मी असर्टजे या लायब्ररीने लिहितोय. प्रोजेक्टमध्ये ती वेगळी टाकावीच लागली नाही, स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या टेस्ट स्टार्टरमध्ये (टेस्टच्या लायब्ररींचा तयार संच) ती असतेच, आम्हीच कधी बघितलं नव्हतं.

जेयुनिटच्या असर्टइक्वल्समध्ये एक्स्पेक्टेड (हवं असलेलं उत्तर) आधी लिहायचं की अॅक्च्युअल (आलेलं उत्तर) यात नेहमी उलटापालट व्हायची, मग टेस्ट फेल झाली की मेसेजही उलटाच. असर्टजेच्या असर्टदॅटमध्ये जे तपासायचंय ते कंसात, पुढे डॉट दिला की काय काय तपासता येईल ते आयडीईच (कोड लिहायचा एडिटर) दाखवतं, तो घोळ मिटला. पण खरी किंमत टेस्ट फेल झाली तेव्हा कळली. लिस्टमध्ये अमुक आयटम आहे का हे जेयुनिटच्या असर्टट्रूने तपासलं तर फेल झाल्यावर ट्रू हवं होतं फॉल्स आलं, बस एवढंच कळतं. असर्टजेचं कंटेन्स वापरलं की अख्खी लिस्ट, काय शोधत होतो, त्यातलं काय सापडलं नाही, सगळं समोर येतं, निम्म्या वेळा सीआयचा (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरचा) लॉग वाचूनच बग सापडतो.

पैशांचं काम असेल तर एक लक्षात ठेवा, बिगडेसिमलचं (जावातला अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) इक्वल्स स्केलपण, म्हणजे दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत तेपण, बघतं, म्हणजे 100.0 आणि 100.00 असर्टजेच्या इजइक्वलटूला वेगळे वाटतात, तिथे इजइक्वलबायकम्पेअरिंगटू लागतं.

आता जे खटकलं ते. असर्टदॅटच्या कंसात ए.इक्वल्स(बी) लिहून पुढे इजट्रू लावायचं राहिलं तर काहीच तपासलं जात नाही आणि टेस्ट हिरवी! आमच्याकडे डिस्काउंटची अशी एक टेस्ट तीन महिने पास होत होती, रिव्ह्यूमध्ये सापडली तेव्हा पोटात गोळा आला. एररप्रोन किंवा स्पॉटबग्स ही कोडमधल्या चुका शोधणारी टूल्स, त्यातलं एक बिल्डमध्ये लावलं तर ते पकडतं, पहिल्याच दिवशी लावा, आम्ही उशीर केला. अॅज वापरून दिलेलं वर्णनपण चेकच्या आधीच लिहावं लागतं, नंतर लिहिलं तर मेसेजमध्ये येतच नाही. आणि डेटाबेसच्या क्वेरीला ऑर्डर बाय (क्रम ठरवणारा भाग) नसताना कंटेन्सएक्झॅक्टली लावू नका, ते क्रमही तपासतं, कधी पास कधी फेल होत राहील, इनएनीऑर्डरवालं घ्या.

जुन्या टेस्ट एकदम बदलायला बसू नका असं माझं मत. आम्ही ज्या फाइलला हात लागतो तेवढीच बदलतो, अजून साठेक फाइल्स बाकी आहेत.